भाड्याच्या संगणकाचा कर्नल कोणाचा?

गोष्ट २०१९ च्या मे महिन्यातली. काही शाळांमधली मुलं पावसाळ्यात रोज सकाळी पर्जन्यमापकातलं पाणी मोजतात आणि तो आकडा आमच्याकडे पाठवतात. हे आकडे एका जागी साठावेत आणि सगळ्या शाळांना एकमेकांचे पाहता यावेत, म्हणून आम्ही २०१६ साली एक छोटा सर्व्हर भाड्यानं घेतला होता. 'व्हर्च्युअल प्रायव्हेट सर्व्हर' या नावानं असे सर्व्हर मिळतात. भाडं कमी, म्हणून आम्ही खूश होतो. त्यावर लिनक्सची 'उबुंटू १६.०४' ही आवृत्ती होती. जूनमध्ये शाळा उघडण्याआधी तिच्या जागी १८.०४ ही नवी आवृत्ती घालावी, असं मी ठरवलं आणि एका रविवारी कामाला बसलो.

थोड्याच वेळात काम अडलं. पडद्यावर सूचना आली. तिचा आशय असा होता : जी मूलभूत लायब्ररी तुम्ही बसवत आहात तिला ३.२ किंवा त्यापुढचा कर्नल लागतो. आधी कर्नल बदला. माझ्या सर्व्हरचा कर्नल होता २.६.३२. ठीक आहे, बदलू, असं म्हणून मी १६.०४ साठीच मिळणारा ४.४ आवृत्तीचा कर्नल बसवला. तो बिनतक्रार बसला. त्याची फाईल जागेवर आलेली मी डोळ्यांनी पाहिली. सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला आणि चालू कर्नलची आवृत्ती विचारली. उत्तर आलं : २.६.३२.

पुन्हा बंद, पुन्हा चालू. पुन्हा २.६.३२. नवा कर्नल डिस्कवर आहे, संगणक नव्यानं सुरू झाला आहे आणि तरीही जुनाच कर्नल चालू आहे, हे कसं? संगणकाशी माझा वीस वर्षांचा परिचय होता, तरी उत्तर सापडायला अर्धा दिवस गेला. ते उत्तर समजून घ्यायचं तर कर्नल म्हणजे काय, तो चालू कसा होतो आणि एका यंत्राचे अनेक सर्व्हर कसे करतात, या तीन गोष्टी पाहायला हव्यात.

कार्यालयाची खिडकी

कर्नल या इंग्रजी शब्दाचा अर्थ टरफलाच्या आतला गर, गाभा. आपण ज्याला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतो ते पुष्कळ प्रोग्रॅमचं गाठोडं असतं. फायलींची यादी दाखवणारा प्रोग्रॅम, कळफलकावरच्या आज्ञा वाचणारा, घड्याळ लावणारा, असे कितीतरी. या सगळ्यांच्या मुळाशी एक प्रोग्रॅम असतो आणि डिस्क, मेमरी, नेटवर्क यांना थेट हात लावण्याचा अधिकार त्याचा असतो. तोच कर्नल.

शाळेतलं उदाहरण घेऊ. जनरल रजिस्टर, शिक्का आणि तिजोरी शाळेच्या कार्यालयात असतात. विद्यार्थ्याला बोनाफाईड दाखला हवा असेल, तर तो आत शिरून रजिस्टर उघडत नाही. खिडकीवर अर्ज देतो. आतले लेखनिक अर्ज तपासतात, रजिस्टर पाहतात आणि दाखला बाहेर देतात. प्रोग्रॅमचंही असंच असतं. फाईल वाचायची असेल तर तो कर्नलकडे मागणी करतो. या मागणीला 'सिस्टिम कॉल' म्हणतात. शाळेत शिस्त माणसं पाळतात, इथे ती प्रोसेसरच पाळायला लावतो. प्रोसेसर निदान दोन अवस्थांमध्ये काम करतो : एक अधिकाराची, एक साधी. साध्या अवस्थेतल्या प्रोग्रॅमनं अधिकाराची आज्ञा वापरायचा प्रयत्न केला, तर प्रोसेसर त्याला तिथेच थांबवतो आणि सूत्रं कर्नलकडे देतो.

आता माझ्या सर्व्हरवर काम का अडलं ते कळेल. बहुतेक प्रोग्रॅम कर्नलशी स्वतः बोलत नाहीत. मधे 'ग्लिबसी' नावाची एक लायब्ररी असते, ती सगळ्यांचे अर्ज भरून देते. कर्नलमध्ये दर काही महिन्यांनी नव्या सोयी येतात, म्हणजे कार्यालयाला नव्या खिडक्या पडतात. २.६.३२ हा कर्नल डिसेंबर २००९ चा, ३.२ हा जानेवारी २०१२ चा. ग्लिबसीच्या २०१७ साली आलेल्या २.२६ या आवृत्तीपासून असं ठरलं, की नेहमीच्या ६४ बिटी संगणकांवरही ३.२ च्या आधीचे कर्नल धरायचे नाहीत. उबुंटू १८.०४ मध्ये ग्लिबसी २.२७ आहे. ज्या खिडक्या तिनं गृहीत धरल्या आहेत त्या जुन्या कार्यालयाला असतीलच असं नाही. म्हणून बसवण्याआधीच तिनं नकार दिला. तो नकार आला नसता आणि लायब्ररी तशीच बसली असती, तर तिच्यावर अवलंबून असलेला एकही प्रोग्रॅम त्या कर्नलवर सुरू झाला नसता, अगदी फायलींची यादी दाखवणारासुद्धा. तेव्हा त्या सूचनेनं मला वाचवलं असंच म्हणायला हवं.

कपाटातली संहिता

संगणक सुरू होतो तेव्हा काय घडतं? आधी मुख्य बोर्डावरच्या चिपमधला एक प्रोग्रॅम जागा होतो. तो डिस्कवरचा 'बूटलोडर' सुरू करतो. लिनक्सवर बहुधा 'ग्रब' नावाचा बूटलोडर असतो. ग्रब डिस्कवरची कर्नलची फाईल शोधतो, मेमरीत चढवतो आणि सूत्रं तिच्या हाती देतो. तिथून पुढे संगणक बंद होईपर्यंत जे चालतं ते मेमरीतल्या प्रतीवर.

म्हणून कर्नलची नवी फाईल डिस्कवर आली तरी चालू कर्नलमध्ये काडीचाही फरक पडत नाही. नाटक सुरू झाल्यावर संहितेची सुधारलेली प्रत छापून कपाटात ठेवली, तर रंगमंचावरचे नट जुनीच वाक्यं बोलत राहणार. इतर प्रोग्रॅमच्या बाबतीत उपाय सोपा असतो. कर्नल त्यांना थांबवतो आणि नव्या फाईलवरून पुन्हा सुरू करतो. पण कर्नलला थांबवून पुन्हा सुरू करणारं त्याच्या खाली कोणी नसतं. म्हणून सगळा संगणकच पुन्हा सुरू करावा लागतो.

याला एक पळवाट आहे. चालू कर्नलमधलं एखादं सदोष फंक्शन तसंच ठेवायचं, त्याच्या सुरुवातीला एक उडी घालायची आणि ती मेमरीत नव्यानं आणलेल्या दुरुस्त फंक्शनकडे न्यायची. याला 'लाइव्ह पॅचिंग' म्हणतात. एप्रिल २०१५ मध्ये आलेल्या लिनक्स ४.० पासून मूळ कर्नलमध्येच त्याची सोय आहे. पण या उपायानं ठिगळ लावता येतं, नवा सदरा शिवता येत नाही. कर्नल आपली माहिती ज्या साच्यात ठेवतो तो साचाच बदलायचा असेल, तर हे तंत्र अपुरं पडतं. २.६.३२ चा ४.४ असं तर त्यातून होणारच नाही.

माझा प्रश्न मात्र शिल्लकच राहिला. मी तर सर्व्हर पुन्हा सुरू केला होता.

वाडा आणि बंगल्या

एका मोठ्या यंत्रातून अनेक संगणक भासवायची कल्पना जुनी आहे. आयबीएम कंपनीनं १९६० च्या दशकात त्यावर प्रयोग केले आणि १९७२ साली 'व्हीएम/३७०' ही प्रणाली बाजारात आणली. १९७४ साली पोपेक आणि गोल्डबर्ग यांनी असं करता यायला प्रोसेसरमध्ये कोणते गुण हवेत ते नेमकं मांडलं. आपल्या टेबलावरच्या संगणकांतल्या इंटेल जातीच्या प्रोसेसरांमध्ये ते गुण पूर्ण नव्हते. २००३ साली केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी 'झेन' या प्रणालीत कर्नलमध्येच फेरफार करून ही अडचण ओलांडली. पुढे २००५-०६ च्या सुमारास इंटेल आणि एएमडी यांनी प्रोसेसरमध्येच हवी ती सोय केली आणि फेब्रुवारी २००७ मध्ये 'केव्हीएम' हा भाग लिनक्स कर्नलमध्ये आला.

झेन आणि केव्हीएम यांची रीत अशी : प्रत्येक भाडेकरूला आभासी प्रोसेसर, आभासी डिस्क, आभासी नेटवर्क कार्ड द्यायचं. केव्हीएममध्ये आभासी डिस्कवर भाडेकरूचा स्वतःचा ग्रब आणि स्वतःचा कर्नल असतो. एका मोठ्या भूखंडावर स्वतंत्र बंगल्या बांधाव्यात तसं हे. प्रत्येकीला आपली विहीर, आपला पंप.

दुसरी रीत वाड्यासारखी. वाड्यात भाडेकरूची खोली त्याची असते. कुलूप त्याचं, भिंतीचा रंग त्याच्या आवडीचा. पण गच्चीवरची टाकी आणि तिला पाणी चढवणारा पंप मालकाचा, सगळ्यांना मिळून एकच. इथे तो पंप म्हणजे कर्नल. यंत्रावर एकच कर्नल चालतो आणि तोच प्रत्येक भाडेकरूला वेगळेपणाचा भास देतो. तुमच्या फायली वेगळ्या, तुमच्या चालू प्रोग्रॅमची यादी वेगळी, तुमचा 'रूट' म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्ताही वेगळा. शेजारी तुम्हांला दिसत नाहीत. अशा खोलीला 'कंटेनर' म्हणतात. २००५ सालापासून मिळणारी 'ओपनव्हीझेड' ही प्रणाली या रीतीची. मेमरी कमी लागते, एका यंत्रात जास्त भाडेकरू मावतात, म्हणून भाडंही कमी असतं.

आमचा सर्व्हर असा वाड्यातला होता. भाडं कमी का, हे २०१६ साली आम्ही विचारलं नव्हतं.

आता कोडं सुटतं. कंटेनर 'पुन्हा सुरू' करणं म्हणजे काय? यंत्राचा कर्नल तुमचे सगळे प्रोग्रॅम थांबवतो आणि तुमच्या खोलीतला पहिला प्रोग्रॅम पुन्हा चालू करतो. इतकंच. तो स्वतः क्षणभरही थांबत नाही. बूटलोडर चालतच नाही, त्यामुळे मी डिस्कवर ठेवलेली कर्नलची फाईल वाचायला कोणी येतच नाही. मी नवा पंप विकत आणून खोलीत ठेवला होता आणि पाणी मात्र वाड्याच्या जुन्या पंपानंच चढत होतं. ओपनव्हीझेडची ती पिढी रेड हॅट लिनक्सच्या सहाव्या आवृत्तीच्या कर्नलवर बेतलेली होती आणि त्या कर्नलचा आकडा होता २.६.३२. इथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. आकडा जुना म्हणजे दुरुस्त्या झाल्याच नाहीत असं नव्हे. कंपन्या जुना आकडा तसाच ठेवून सुरक्षिततेच्या दुरुस्त्या त्यात घालत असतात. नव्या खिडक्या मात्र त्यानं पडतीलच असं नाही.

या दोन्हींच्या मधला एक प्रकारही आढळतो. कर्नल तुमच्यासाठी स्वतंत्र चालतो, पण त्याची फाईल तुमच्या डिस्कवरून न घेता यंत्रमालकाच्या डिस्कवरून चढवली जाते. झेनच्या सुरुवातीच्या काळात असे सर्व्हर पुष्कळ होते. तिथे कर्नल बदलायचा तर मालकानं दिलेल्या यादीतून निवडावा लागतो.

उठाठेव कशासाठी?

चालू असलेलं यंत्र कशाला हलवा, असं कोणी विचारेल. त्याचं उत्तर 'डर्टी काऊ' या दोषात मिळतं. इथे काऊ म्हणजे गाय नव्हे, 'कॉपी ऑन राइट' या शब्दांची आद्याक्षरं.

दोन प्रोग्रॅम एकच फाईल वाचत असतील, तर कर्नल मेमरीत तिची एकच प्रत ठेवतो. त्यातल्या एकानं आपल्यापुरतं काही लिहायचं ठरवलं, की त्याला वेगळी प्रत करून देतो. निकालपत्रकावर खुणा करायच्या असतील तर मूळ पत्रक न देता झेरॉक्स देतात, तसंच. दोष असा होता : झेरॉक्स काढली, ती लिहिणाऱ्यासमोर ठेवली आणि तो पेन टेकवणार नेमक्या त्या क्षणी ती बाजूला केली, तर पेन मूळ पत्रकावर पडे. असा क्षण आपोआप क्वचितच येईल. पण दोन प्रोग्रॅमना हा खेळ लाखो वेळा वेगानं खेळायला लावलं, तर तो हमखास साधता येत असे. मग ज्या फाईलमध्ये लिहिण्याची परवानगी नाही तिच्यातही साधा वापरकर्ता लिहू शके आणि तिथून सर्वाधिकारी होऊ शके.

हा दोष २००७ सालच्या २.६.२२ या आवृत्तीपासून कर्नलमध्ये होता. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्याची दुरुस्ती आली. फिल ओस्टर या संशोधकाला तो सापडला, कारण त्याचा गैरफायदा प्रत्यक्षात घेतला जात होता. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी दुरुस्तीसोबतच्या टिपणात प्रांजळपणे नोंदवलं आहे, की अकरा वर्षांपूर्वी आपण स्वतः हा दोष काढायचा प्रयत्न केला होता, पण दुसऱ्या जातीच्या यंत्रांवर त्यामुळे अडचण आली आणि तो बदल मागे घेतला गेला.

दुरुस्ती आल्यावर ती बसवायची कोणी? बंगलीवाल्यानं आपल्या पंपाची दुरुस्ती स्वतः करायची. त्यानं नाही केली, तर दुसरं कोणी करणार नाही. वाड्यात मात्र भाडेकरूच्या हाती काहीच नसतं. तो आपले सगळे प्रोग्रॅम रोज अद्ययावत ठेवील, तरी कर्नलमधला दोष मालक काढेपर्यंत राहणारच. शिवाय कर्नल सगळ्यांचा एकच असल्यामुळे, त्याच्यातल्या दोषातून एखादा भाडेकरू शेजाऱ्याच्या खोलीत शिरण्याची शक्यताही उरते.

बंगलीवालाही पूर्ण स्वतंत्र नसतो, कारण भूखंड मालकाचा असतो. सप्टेंबर २०१४ मध्ये झेनमध्ये असा दोष सापडला, की ज्यातून एका भाडेकरूला दुसऱ्याची माहिती वाचता येण्याचा धोका होता. दोष जाहीर होण्याआधीच अॅमेझॉननं आपल्या भाड्याच्या सर्व्हरांपैकी सुमारे १० टक्के सर्व्हर पुन्हा सुरू करवले. जानेवारी २०१८ मध्ये 'मेल्टडाउन' हा दोष जाहीर झाला. तो तर इंटेलच्या प्रोसेसरांतच होता. त्यासाठी यंत्राचा कर्नल बदलावा लागला आणि आतल्या भाडेकरूंचे कर्नलही.

बदलताना घ्यायची काळजी

तुमच्या शाळेचं किंवा संस्थेचं संकेतस्थळ अशा सर्व्हरवर असेल, तर सांभाळणाऱ्याला पहिला प्रश्न हा विचारा : कर्नल आपला की मालकाचा? अलीकडच्या बहुतेक लिनक्सवर 'सिस्टिमडी-डिटेक्ट-व्हर्ट' ही आज्ञा दिली, की सर्व्हर कोणत्या रीतीचा आहे ते कळतं. 'केव्हीएम' असं उत्तर आलं तर बंगली. 'ओपनव्हीझेड' किंवा 'एलएक्ससी' आलं तर वाडा. 'युनेम -आर' ही आज्ञा चालू कर्नलची आवृत्ती सांगते. डिस्कवरची फाईल आणि हे उत्तर जुळत नसेल, तर एक तर पुन्हा सुरू करायचं राहिलं आहे किंवा तो कर्नल तुमचा नाहीच.

कर्नल आपला असेल, तर आधी सगळ्या माहितीची प्रत सर्व्हरच्या बाहेर काढून ठेवा. नवा कर्नल बसवताना जुना पुसू नका. ग्रबच्या यादीत दोन्ही राहू द्या, म्हणजे नवा सुरू झालाच नाही तर जुन्यावर परत येता येतं. आणि सर्व्हर भाड्यानं देणारा दुरून पडदा पाहण्याची सोय देत असेल, तर ती आधी तपासून ठेवा. कर्नल सुरू होता होता अडला, तर नेटवर्क सुरूच होत नाही आणि नेहमीच्या वाटेनं आत जाता येत नाही.

वर्गात करून पाहा

यासाठी भाड्याचा सर्व्हर हवाच असं नाही. अँड्रॉइड फोनमध्येही लिनक्स कर्नलच असतो. सेटिंग्जमध्ये फोनविषयीच्या माहितीत पाहिलं, तर अँड्रॉइडची आवृत्ती आणि कर्नलची आवृत्ती असे दोन वेगळे आकडे दिसतात. घरातल्या निरनिराळ्या फोनचे हे आकडे मुलांना टिपून आणायला सांगा आणि फळ्यावर तक्ता करा. मग विचारा : एखादं अॅप अद्ययावत झालं तर फोन बंद करावा लागत नाही, पण अँड्रॉइडचं अद्ययावतीकरण झालं की फोन पुन्हा सुरू करायला का सांगतो? नाटकाच्या संहितेचं उदाहरण इथे उपयोगी पडेल. २०१६ सालच्या अँड्रॉइड ७ पासून अनेक फोनमध्ये प्रणालीच्या दोन जागा असतात. एकीवर फोन चालू असताना नवी आवृत्ती दुसरीवर लिहिली जाते आणि पुन्हा सुरू करताना फोन तिच्याकडे वळतो. ती चालली नाही तर पहिली आहेच. जुना कर्नल पुसू नका, हाच सल्ला तिथे कारखान्यातच पाळलेला असतो.

आमच्या सर्व्हरचं पुढे काय झालं? मालकाला पंप बदलायला सांगणं शक्य नव्हतं. त्या यंत्रावर इतरही भाडेकरू होते. आम्ही बिऱ्हाड हलवलं. थोडं जास्त भाडं देऊन केव्हीएम रीतीचा सर्व्हर घेतला, त्यावर १८.०४ बसवलं आणि तीन पावसाळ्यांचे आकडे तिकडे नेले. जुन्या आणि नव्या सर्व्हरवरच्या नोंदी एकेका शाळेनुसार ताडून पाहिल्यावरच जुनी खोली सोडली. नव्या ठिकाणी 'युनेम' नं ४.१५ असं उत्तर दिलं. जूनमध्ये पहिल्या सरीचा आकडा आला तेव्हा तो नव्या सर्व्हरवर नोंदला गेला. उबुंटू १८.०४ चा नेहमीचा आधार मे २०२३ मध्ये संपला. त्याआधी आम्ही पुन्हा आवृत्ती बदलली, कर्नलही बदलला, आणि या वेळी पुन्हा सुरू केल्यावर मिळालेला आकडा पहिल्याच फटक्यात नवा होता.